पाच सत्तेचाळीसपर्यंत

१२ ऑक्टोबर, रविवार

चारशे बारावा कंदील वर जात असताना गजाननच्या हातून दोर सुटला. "सर, सरका!" तो शिडीवरून ओरडला. मी सरकलो नाही. सुचलंच नाही. कंदील हातभर अंतरावर पडला. काच गेली, सांगाडा शाबूत.

केतकी आधी कंदिलाकडे धावली, मग माझ्याकडे. तिला दोष देत नाही. कल्पना तिची; दोन वर्षं ती हे कंदील जमवते आहे. पुण्याहून येते, आठ-आठ दिवस राहते, गावागावांतून फिरते. आसेगाव, मानोऱ्याचे तांडे, कुठं कुठं. लोक माळ्यावरून काढून देतात. आता कोणाला लागतात कंदील?

एकूण नऊशे. प्रत्येकात एक लहान बल्ब. खाली मधोमध सोळा वादक बसतील. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, एक डबल बास. त्यांच्यापुढं माइक. वाजलं की कंदील उजळणार, थांबलं की विझणार. खर्जातले सूर मागच्या भिंतीकडं, वरचे दाराकडं.

गजानन शिरपूरचा वायरमन. त्यानं आज पुन्हा विचारलं.

"सर, नऊशे कंदील. रॉकेल कोन भरनार?"

"बल्ब आहेत रे. तूच लावतोस ना?"

"मंग कंदील कायले म्हन्ता? बल्ब म्हना."

केतकी हसली. मला हसू आलं नाही. पाठ दुखते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चाचणी. वीस कंदील जोडले. केतकीनं मोबाइलवर चेलो लावला. दुपारचे तीन. पत्र्याच्या फटींतून ऊन आत. वीस कंदील पेटले की नाही ते हात लावून बघावं लागलं.

"अंधार हवा," ती म्हणाली. "पूर्ण अंधार. साडेसातला सुरू करू."

मी मान डोलावली. पत्रिकेत माझं नाव 'स्थानिक समन्वयक' असं छापलं आहे. काम म्हणजे मान डोलावणं.

जागा काकाजींची, म्हणजे बाबांच्या जुन्या शेठची. शिरपूरच्या बाहेरचं त्यांचं जुनं जीन. सरकी-रुईची यंत्रं केव्हाच भंगारात गेली, शेड राहिली. माझे बाबा इथं तीस वर्षं वजनकाट्यावर होते. मी शाळेतून येऊन रुईच्या ढिगावर बसून अभ्यास करायचो आणि शिंकायचो.

ऑगस्टमध्ये जागा मागायला गेलो, तेव्हा काकाजींनी काही विचारलं नाही. एकच अट घातली. त्यांनी या चौमाशात नियम घेतला आहे. चार महिने त्यांच्या जागेत सूर्य बुडाल्यावर दिवा लागणार नाही. घरात नाही, दुकानात नाही, जीनमध्येही नाही. दिव्यावर जीव येतात, मरतात.

"चौमासा झाल्यावर लाव खुशाल. नऊशे लाव, नऊ हजार लाव."

मी शब्द दिला. कार्तिकी एकादशी २ नोव्हेंबरला. कार्यक्रम ३ ला धरला. वृंद रविवारी नागपुरात वाजवणार, मंगळवारी संभाजीनगरला. मधला सोमवार आमचा. सगळं जुळलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सत्राच्या वह्या तपासल्या. चौऱ्याण्णव. सगळ्यांचं उत्तर एकच, चुकाही त्याच. एका मुलीनं प्रश्नच बदलून लिहिला होता. तिला जास्त गुण दिले.

मे महिन्यात निवृत्ती. मंदा विचारते, मग काय करणार? झोपणार, म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही आत्ताही झोपेतच असता. कोणी काही मागितलं की झोपेतच हो म्हणता."

बायकोनं बत्तीस वर्षांनी एवढं नेमकं बोलू नये.

२२ ऑक्टोबर, पाडवा

संध्याकाळी शिरपूर. बाबा पाडव्याला काकाजींकडे जायचे. ते गेल्यावर मी जातो. एस्टी उशिरा निघाली, पोचेतो सहा वाजून गेले.

साऱ्या गल्लीत दिवे. काकाजींचं घर काळं. दार उघडं होतं.

"कोन?"

"सुधाकर."

"ये. उंबरठा हाय, पाय उचल."

अंधारात खुर्ची चाचपून बसलो. मुलगा-नातवंडं अकोल्याला. नियम त्यांना सोसवत नाही, काकाजी म्हणाले, लेकरांची दिवाळी कायले खराब करायची. सून रेखाभाभी मात्र राहिल्यात. स्वयंपाक, जेवण सगळं उजेडातच उरकतात, ती सवय त्यांच्या घराला आहेच. पुढची रात्र नुसती बसून.

"लोक म्हनत असतील, म्हातारा येडा झाला. दिवाळीले अंधार करून बसला." स्वतःच हसले. मग समोरच्या घराच्या माळेकडं हात केला असावा, सावली हलली. "ते पाय. हिरवे तुडतुडे. सकाळी त्या लाइटखाली सूपभर निंघतात. मांगल्या साली आमच्याच ओट्यावरचे रेखा झाडून राह्यली होती. सुपात अर्धे हालत होते. तवाच ठरवलं."

मी समोरच्या माळेकडं पाहिलं.

"आता काय, चौदा दिवस. पुनव आली का सुटलो."

पुनव.

"एकादशीला नाही सुटत?" मी विचारलं.

"ते तुमचं. देव उठले का तुमचा चौमासा झाला. आमचा पुनवेले." थांबून म्हणाले, "तुह्या कार्यक्रम त्याच्या मांगूनच हाय ना?"

पत्रिका त्यांच्याच ओसरीवर पडलेली असणार. ते आता वाचत नाहीत, डोळे गेले.

"हो," मी म्हणालो.

अंधार होता म्हणून बोलता आलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

जन्म शिरपूरचा. शाळेत निम्मी पोरं जैनांची. चौमाशात त्यांच्या घरी कांदा-बटाटा नाही हे माहीत, पाणी उकळून पितात हे माहीत. संपतो केव्हा, हे कधी विचारलं नाही. आईचा चातुर्मास एकादशीला संपायचा. तोच सगळ्यांचा, असं एकोणसाठ वर्षं धरून चाललो.

तीन तारीख त्रयोदशी. दोन दिवसांचा फरक.

मंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मग जाऊन सांगा त्यांना, चुकलं म्हणून."

"सांगितलं तर ते म्हणतील, लाव दिवे."

"मग प्रश्न काय?"

"तोच."

तिनं मान वर केली. तिला कळलं. दारी आलेल्या माणसाला काकाजी नाही म्हणत नाहीत. बाबांच्या मुलाला तर नाहीच. स्वतःचा नियम मोडतील आणि मला चहा पाजतील. साडेतीन महिने पाळलेला. पुढचा चौमासा ते बघतीलच असं नाही. हे त्यांनीच ऑगस्टमध्ये सांगितलं होतं, हवामानाबद्दल बोलावं तसं.

म्हणून विचारायचं नाही. विचारलं की त्यांचा नियम गेला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

केतकीला सांगितलं. चार दिवस घेतले सांगायला.

ती शेडच्या दारात बसून काचा पुसत होती. राखेनं. आसेगावच्या एका बाईनं शिकवलं तिला.

"दोन दिवस?" ती म्हणाली. "सर, फक्त दोन दिवसांसाठी?"

"हो."

"तुम्ही ऑगस्टपासून... तुम्ही इथलेच ना?"

"हो."

वृंद थांबू शकत नाही. बसची, हॉलची बुकिंगं. त्यांचे प्रमुख फर्नांडिस सर फोनवर सभ्यपणे म्हणाले, आम्ही तिथं बुधवारी नसू. दुसरी जागा? नऊशे कंदील उतरवून पुन्हा टांगायला तीन आठवडे.

"मी बोलू त्यांच्याशी?" केतकी.

"नको."

"का? ते नाही म्हणतील?"

"हो म्हणतील."

तिनं काच खाली ठेवली. मग म्हणाली, "मला तुमचं काहीच समजत नाही." रागानं नाही. थकून. तेवढ्यापुरते आम्ही एका वयाचे झालो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

गजाननला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याला सगळं ठाऊक. बिडी कानामागं ठेवून म्हणाला,

"सर, एक इचारू? काकाजीचा नियम रातचा हाय का दिवसाचाबी?"

"सूर्यास्तानंतरचा."

"मंग दिवसाच अंधार करा ना."

केतकी आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"सोयाबीन निंघालं. घरोघरी ताडपत्र्या रिकाम्या पडल्या. वरून झाका, बाजूनं झाका. दुपारीच रात होते. तुडतुडेबी दिवसा येत नाईत. तुमचं वाजवनं होते, काकाजीचंबी राह्यते." मग केतकीला, "ताई, एवढ्या शिकल्या तुमी, कोनाच्या डोक्यात आलं नाई?"

केतकीनं त्याचा हात धरून हलवला. तो लाजला. बिडी पडली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

एकशे तीस ताडपत्र्या. निळ्या, पिवळ्या, काळ्या. सगळ्यांना सोयाबीनचा वास, घड्यांतून टरफलं गळतात. गजाननची माणसं तीन दिवस छपरावर. खाली एक म्हातारा बघत उभा होता. "पाऊस तं गेला, आता झाकून काय करता बे?"

दुपारी बाराला दार लावलं. अंधार. पुरा नाही; ताडपत्र्यांना भोकं, त्यातून बारीक उजेड. केतकी म्हणाली राहू द्या. सगळे नऊशे लावले. मोबाइलच्या आवाजावरच.

काय लिहू? चांगलं दिसलं.

आता वेळ: चार वाजता सुरू. रचना अठ्ठेचाळीस मिनिटांची, चार भाग. चार पन्नासला संपेल. सूर्यास्ताआधी जवळजवळ तास हाताशी. मुख्य बटण दाराजवळच्या खांबावर, लोखंडी दांडीचं. ते मी सांभाळणार.

२ नोव्हेंबर, रविवार, एकादशी

काकाजींकडे. उजेडी गेलो, मुद्दाम.

"उद्या कार्यक्रम आहे," म्हटलं.

"उद्या? पुनव तं परवाच्या मांगं."

"चुकलं माझं. एकादशी धरली होती मी."

त्या दिवशी अंधारात हो म्हणालो होतो, त्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. ताडपत्र्यांचं सांगितलं. ते ऐकत गेले आणि हसत गेले. शेवटी डोळे पुसले.

"भर दुपारी रात! तुह्या बाप असता तं म्हनला असता, शेठ, जगात येडे आपन एकटेच नाई." मग, "कोनाचं डोकं?"

"गजानन वायरमनचं."

"त्याले नंतर माह्याकडे पाठव."

रेखाभाभींना कॅलेंडर बघायला सांगितलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं. सूर्यास्त पाच सत्तेचाळीस.

"पाच सत्तेचाळीस," काकाजी म्हणाले. "बटनापाशी कोन?"

"मी."

"मंग झालं."

त्यांना ऐकायला जीनवर घेऊन जाऊ का, विचारलं. नको म्हणाले. साडेचारला जेवण, मग सामायिक, म्हणजे ध्यानाला बसणं. "तू ऐक. मले सांगजो."

बाहेर आलो. हलकं वाटायला हवं होतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

घरी आल्यावर लिहितो आहे. क्रमानं लिहितो.

बस पावणेतीनला आली. फर्नांडिस सर, सोळा वादक, पाठीवर पेट्या, नागपूरच्या प्रवासानं चेहरे उतरलेले. एक वादक बाई चेलोची पेटी मांडीवर घेऊन तशीच झोपलेली. चहा, पोहे. खुर्च्या मंगल कार्यालयातल्या, त्यांना लाल झालरी. फर्नांडिस सरांनी झालरी काढायला लावल्या. कागद उडू नयेत म्हणून स्टँडना कपड्यांचे चिमटे.

साडेतीनपासून लोक. चारशे तरी. ज्यांनी कंदील दिले ते आपापला शोधत होते. मानोऱ्याकडच्या एका बाईनं मला धरून विचारलं, "माह्या कोनता?" मी कुठलातरी दाखवला. ती त्याच्याखाली बसली.

चारला प्रमुख पाहुणे आले नव्हते. चार वीसला आले. मग सत्कार.

हे माझं. मीच ठरवलेलं. सोळा वादक, फर्नांडिस सर, केतकी, पाहुणे. प्रत्येकाला शाल, श्रीफळ. केतकीनं महिन्यापूर्वीच विचारलं होतं, हे लागतं का? मी म्हणालो होतो, असं कसं, पाहुणे आहेत, रिकाम्या हातांनी कसं पाठवणार. वेळेचा हिशेब बदलला तेव्हा सत्कार त्यात धरायचा राहिला. आपल्याकडं सत्कार हा कार्यक्रम नसतो. तो गृहीतच असतो. एकोणीस शाली. एकोणीस फोटो. एक वादक नारळ कुठं ठेवावा कळेना म्हणून व्हायोलिनच्या पेटीत ठेवत होता. पाहुणे 'दोन शब्द' बोलले. मी खांबाजवळून हातानं खूण करत होतो. त्यांना वाटलं मी टाळ्या मागतो आहे. लोकांनी वाजवल्या.

पाच वाजून दोन मिनिटांनी दार बंद झालं.

मनात हिशेब केला. पाच पन्नास. तीन मिनिटं जास्त. फर्नांडिस सरांच्या कानाशी गेलो. ते म्हणाले, भागांमधल्या जागा कमी करतो, होईल.

पहिला भाग. अंधारात आधी मागच्या भिंतीशी दोनचार कंदील, खर्जातला एकच सूर. लोक मान वळवून मागं बघू लागले. मग दाराकडचे. मग सगळेच. एक पोरगं मोठ्यानं म्हणालं, "बाबा, आपला लागला!" कोणी दटावलं नाही.

भाग संपला की टाळ्या. मधे वाजवायच्या नसतात म्हणे. इथं कोणाला माहीत? मनापासून वाजवल्या, शिट्ट्यासुद्धा. टाळ्यांनीही कंदील उजळले, त्यामुळं आणखी वाजवल्या. फर्नांडिस सर हात खाली करून थांबून राहिले. हसत होते. दुसऱ्या भागानंतर तसंच. तिसऱ्या भागानंतर एका व्हायोलिनची तार उतरली, ती लावून घेतली.

माझ्या शेजारचे आजोबा: "बसून काहून वाजवून राह्यले हे? लग्नात तं उभ्यानं वाजवतात." त्यांचा नातू: "आबा, चूप."

पाच पंचेचाळीसला शेवटचा भाग राहिला होता. अकरा-बारा मिनिटांचा. त्या आधीच्या शांततेत सगळे कंदील विझलेले, चारशे माणसं अंधारात. तेव्हा बंद करायला हवं होतं. उभं राहून सांगायचं होतं, मंडळी, कार्यक्रम इथं थांबतो. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात ती चेलोवाली बाई सुरू झाली.

गजानन खांबाच्या पलीकडं. मोबाइल माझ्यासमोर धरला. ५:४७.

"सर. पाडू?"

हात माझाच होता दांडीवर. थंड लोखंड. मी म्हणालो, "थांब."

"सर, काकाजीचं..."

"थांब."

का, ते लिहायचा प्रयत्न करतो. केतकीची दोन वर्षं डोळ्यांपुढं नव्हती, लोकही नव्हते. मी ऐकत होतो. मागं एक चेलो, त्यावर दुसरा, आणि मागच्या भिंतीशी कंदील श्वास घ्यावा तसे कमीजास्त. आयुष्यात इतकं सलग काही ऐकलेलं नाही. सभागृहात मी नेहमी खुर्च्या मोजत असतो. आज पहिल्यांदा मोजत नव्हतो, आणि नेमकं आजच मोजायचं होतं.

काकाजी आठवले का? हो. पूर्ण वेळ. आठवत असतानाच बंद केलं नाही.

पाच अठ्ठावन्नला संपलं. मी दांडी खाली ओढली. लोकांना वाटलं तोही कार्यक्रमाचाच भाग. खूप टाळ्या.

पण त्याआधीच कोणीतरी दाराची ताडपत्री बाजूला केली होती. बाहेर सांज. दाराजवळच्या कंदिलांभोवती तुडतुडे भिरभिरत होते. मी पाहिले.

गजानन जवळ आला. "ताडपत्रीत सूर्य कोनाले दिसते, सर? मी तं घड्याळ पाह्यलंच नाई." त्याचा चेहरा प्रेमळ होता. ते जास्त लागलं.

केतकी रडत आणि हसत लोकांना भेटत होती. माझ्यापाशी आली. "वेळेत झालं ना?"

"हो."

फर्नांडिस सरांनी हात हातात घेतला. नारळासाठी आभार मानले.

एस्टीत बसलो तोच रेखाभाभींचा फोन. "पप्पाजी विचारतात, नीट झालं ना सगळं?"

"झालं," म्हटलं. "नीट झालं."

मंदा जागी होती. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती नेमकं काही बोलेल. ती म्हणाली, "जेवता का?"

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिल्या एस्टीनं शिरपूर. रस्त्यात वाक्यं जुळवली, मोडली. तीन वेळा. शेवटी दोनच राहिली.

काकाजी ओसरीवर, पूर्वेकडं तोंड, हातात माळ. मी वाकलो. त्यांनी मान हलवली. बोलले नाहीत.

रेखाभाभी बाहेर आल्या. "आज चौदस. मौन आहे त्यांचं. उद्या सकाळी सोडतील. काही काम होतं?"

नाही म्हटलं, सहज आलो. त्या पाणी आणायला आत गेल्या.

तेव्हा सांगितलं. काकाजी, पाच अठ्ठावन्नला बंद केलं. अकरा मिनिटं मला माहीत असून चालू ठेवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठं आहे एवढंच त्यांना दिसत असेल. बोटातला मणी तिथंच होता. शेजारी पाटी-खडू ठेवलेला, मौनाच्या दिवशी लागतो म्हणून. हात तिकडं गेला नाही. मी थांबलो. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं गेली. मग मणी पुढं सरकला, त्यामागून दुसरा.

पाणी आलं. गरम होतं. प्यालो.

साडेआठची एस्टी चुकली. सव्वानऊची मिळाली. कॉलेजात तृतीय वर्षाचे दोन तास घेतले.